सोन्याचा कस



एखादें लिखाण आपणांस आवडलें नाहीं म्हणजे तें हिणकस आहे असें आपण म्हणतों. कोणाच्या नांवाला बट्टा लागतो, कोणी ऐन वेळीं कसोटीला उतरतो, कोणाची निष्ठा बावनकशी असते, तर कोणी माणसांचा मोठा पारखी म्हणून नांवाजला जातो. हे शब्द वापरून वापरून आपण इतके गुळगुळीत केले आहेत कीं, ते मूळचे सोनार-सराफांच्या दुकानांतले आहेत याचा आपणांस विसरच पडला आहे. कस म्हणजे सोनें काळ्या दगडावर घांसलें असतां उठणारी रेघ. हीण म्हणजे सोन्यांत मिसळलेला हलका धातु. ज्याच्या रेघेंत हीण दिसून येतें तें हिणकस. आणि बट्टा म्हणजे नाणें हलकें निघालें तर त्याच्या मोबदल्यांत सराफ जी कसर कापून घेई ती. माझी उभी हयात शाळेंत मराठी आणि अंकगणित शिकविण्यांत गेली, आणि या शब्दांच्या पाठीमागें लागूनच मी सोन्याच्या इतिहासांत शिरलों, असें मी लोकांना सांगतों. खरें पाहतां त्याला एक घरगुती कारणही होतें. तें पुढें ओघानें येईल.

सोन्यांत हीण घालणें म्हणजे लबाडी असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शुद्ध सोनें इतकें मऊ असतें कीं, त्याची अंगठी रोजच्या वापरांत वांकते, त्याचा फांसा उघडतो, आणि त्यांत बसविलेला खडा चार महिन्यांत खिळखिळा होतो. म्हणून त्यांत थोडें तांबें किंवा चांदी, बहुधा दोन्ही, घालावींच लागतात. तांब्यानें सोनें कठिण होतें आणि तांबूस दिसतें. चांदीनें तें फिकें, किंचित् हिरवट होतें. दोहोंचें प्रमाण सांभाळलें म्हणजे पिवळेपणा टिकतो. लबाडी हीण घालण्यांत नाहीं, तें न सांगण्यांत आहे.

येथें मास्तरकीची जुनी खोड म्हणून एक हिशेब मांडतों. ८ गुंजांचा एक मासा आणि १२ मासांचा एक तोळा; म्हणून तोळ्याच्या गुंजा ९६. शुद्ध सोनें २४ कॅरट धरतात, आणि २२ कॅरट म्हणजे बारा भागांत अकरा भाग सोनें. तर एक तोळा शुद्ध सोन्यांत हीण किती घालावें म्हणजे तें २२ कॅरट होईल? वर्गांत हा प्रश्न घातला कीं बहुतेक मुलें तत्काळ उत्तर देत, तोळ्याचा बारावा हिस्सा, म्हणजे ८ गुंजा. पण ९६ गुंजांत ८ मिळविल्या कीं लगड १०४ गुंजांची होते, आणि १०४ त ९६ म्हणजे २२ कॅरटाहून किंचित् अधिक. बरोबर उत्तर पावणेनऊ गुंजांच्या जवळपास येतें, कारण हिस्सा शेवटच्या लगडीचा काढावयाचा, आरंभींच्या सोन्याचा नव्हे. सोनाराला हें त्रैराशिक तोंडपाठ असे; गिऱ्हाइकाला नसे. सोन्याच्या व्यवहारांतले निम्मे तंटे एवढ्यावरूनच उद्भवले असावेत.

या तंट्यांचा आपल्याकडील सर्वांत जुना आणि सर्वांत तपशीलवार दप्तर म्हणजे कौटिल्याचें अर्थशास्त्र. हा ग्रंथ कित्येक शतकें लुप्तप्राय होता. १९०५ सालीं म्हैसूरच्या ग्रंथालयांत त्याची पोथी शामशास्त्री यांच्या हातीं आली आणि १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. पुढें मुंबई विद्यापीठानें रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति १९६० पासून तीन भागांत काढली. ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. परंतु तो दीड हजार वर्षांहून जुना आहे, याविषयीं वाद नाहीं. त्यांतला सुवर्णाध्यक्षाचा अध्याय वाचतांना मात्र हें कालचेंच कोणा कचेरीचें परिपत्रक आहे असें वाटतें. राजाच्या सुवर्णशाळेला चार दालनें असावीं, त्यांना एकमेकांत दारें नसावीं, आणि बाहेर पडावयाचें दार सर्वांना मिळून एकच असावें. कारागिरांची वस्त्रें आणि हात येतांना व जातांना तपासावे. परवानगीवांचून कोणी आंत शिरूं नये.

हीण मोजण्याची त्याची रीतही नामी आहे. सोळा माषांच्या सुवर्णांत एकेक काकणी, म्हणजे पाव माष, सोनें काढून तितकेंच तांबें घालीत जावयाचें. अशा सोळा पायऱ्या. अखेरच्या पायरीवर सोळांत चार माष तांबें येतें, म्हणजे आजच्या भाषेंत तें सोनें १८ कॅरट झालें. या सोळा वर्णांच्या नमुन्यांची रेघ दगडावर ओढावयाची, शेजारीं परीक्ष्य सोन्याची ओढावयाची, आणि रंगानें रंग जुळवून पाहावयाचा. आमच्या लहानपणीं सोनार हेंच करीत असत. आणि हा दगड कोणता उत्तम? कलिंग देशाचा किंवा तापी नदीचा, मुगाच्या रंगाचा. तापीचें नांव तेथें वाचलें तेव्हां मला झालेला आनंद मी आपणांस काय सांगूं! माझा जन्म तापीकांठचा. पावसाळा ओसरला म्हणजे आम्ही पोरें पात्रांतले काळे दगड गोळा करून त्यांवर पितळेच्या गुंड्या घांसून पाहत असूं.

पण कौटिल्याची खरी हुशारी पुढें आहे. तो म्हणतो, दगडही पक्षपाती असतो. हत्तीच्या कातड्यासारखा, हिरवट झांक मारणारा दगड रेघेचा रंग खुलवितो. तो विकणाऱ्याच्या सोईचा. टणक, खरबरीत, रंगानें विषम असा दगड रंग मारतो. तो घेणाऱ्याच्या सोईचा. दोघांनाही सारखा रंग दाखवील तोच न्यायाचा. नखांत गेरूची पूड धरून ती रेघेवर हळूच झाडणारे लोक त्याला ठाऊक आहेत. हिंगूळ किंवा हिराकस गोमूत्रांत भिजवून हाताला चोळला आणि त्या हातानें सोन्याला स्पर्श केला, तर सोनें पांढुरकें पडतें, म्हणजे गिऱ्हाइकाचें चांगलें सोनेंही हलकें ठरवितां येतें, हेंही त्याला ठाऊक आहे. दुहेरी तळाच्या मुशी, लोहचुंबक दडविलेले तराजू, वरून सोन्याचा पत्रा आणि आंत भलतेंच, अशा चोरीच्या तऱ्हा तो एकामागून एक सांगत जातो. वाचतांना मनांत येतें कीं, एवढें ज्ञान केवळ पहारेकऱ्याला होणें कठिण. कोणीतरी कसबी सोनार त्याच्या पदरीं माफीचा साक्षीदार झाला असला पाहिजे. हा अर्थात् माझा तर्क.

रेघेची परीक्षा ही डोळ्याची परीक्षा होय. तेजाबानें ती थोडी पक्की होते. नत्राम्लाचा थेंब रेघेवर सोडला कीं तांबें आणि चांदी विरघळतात, सोनें उरतें. किती उरलें तें पाहून पारखी अंदाज करतो. उत्तम पारख्याचा अंदाजही शंभरांत एक-दोन भाग इकडे-तिकडे होतो. पाण्यांत वजन करून घनता काढण्याची आर्किमिडीजची युक्ति शाळेच्या पुस्तकांत फार प्रसिद्ध आहे, पण दागिन्याच्या कामीं ती फारशी येत नाहीं. आंत पोकळी किंवा लाख असली कीं तिचा हिशेब तेथेंच फसतो.

अकबराच्या वेळेस ही रेघेची विद्या पुष्कळ नियमबद्ध झालेली दिसते. अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत बनवारीचें वर्णन केलें आहे. पाव-पाव बानीच्या अंतरानें कमी होत जाणाऱ्या सोन्याच्या सळ्या करून ठेवीत आणि त्यांच्या रेघांशीं ताडून पाहत. शुद्ध सोनें बारा बानी. तेथें एक मौजेचा तपशील आहे. दक्षिणेंतला जुना होन तोंवर दहा बानीचा समजला जाई. बादशहाच्या टांकसाळीनें त्याची परीक्षा केली ती साडेआठावर आली. अल्लाउद्दिनाचा वाटोळा दिनार बारा बानीचा, म्हणजे निखळ, मानीत. तो साडेदहावर उतरला. तिजोरींत पडलेलें नाणें तेंच, त्याचें वजनही तेंच. बदललें तें माप. पण ज्याच्या घरीं होनांचा हंडा पुरलेला होता त्याला ही बातमी कशी लागली असेल, याची कल्पना करावी!

शोधनाची त्या वेळची रीतही तेथें दिली आहे. सोन्याचे पातळ पत्रे करून त्यांवर खार आणि विटांची पूड यांचे थर द्यावयाचे आणि गोंवऱ्यांच्या मंद आंचेंत ठेवावयाचे. खारानें चांदीला गांठून तिचें लवण करावें, विटेच्या पुडीनें तें शोषून घ्यावें, आणि सोन्यानें आपल्या जागीं अलिप्त राहावें, असा हा व्यवहार. आशिया मायनरमधील लिडिया देशाच्या सार्डिस या राजधानींत इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांत हीच क्रिया चालत असल्याचा पुरावा १९६८ सालच्या उत्खननांत मिळाला आहे.

आपल्याकडे गांवगाड्यांत हें काम पोतदाराकडे असे. सरकारांत भरावयाच्या वसुलाचीं नाणीं पारखून खरींखोटीं निवडणें हा त्याचा हक्क आणि हीच त्याची जोखीम. पेशवाईंत अनेक टांकसाळींचीं नाणीं एकाच बाजारांत फिरत. त्यांचे बट्टे निराळे, आणि ते ठरविणारा डोळा पोतदाराचा. आज पोतदार हें आडनांव तेवढें उरलें आहे. झारेकऱ्यांचेंही तसेंच. सोनाराच्या दुकानाची राख आणि केर विकत घेऊन, धुवून, त्यांतले सोन्याचे कण काढणारे हे लोक. सोनारआळीची धूळ पैसे देऊन विकत घ्यावी लागते, हें मला लहानपणीं मोठें नवल वाटे.

डोळ्यावर विसंबून न राहतां तराजूवर विसंबणारी परीक्षा म्हणजे अग्निपरीक्षा. दागिन्याचा लहान तुकडा तोलून, त्यांत अडीच-तीन पट चांदी घालून, तो शिशाच्या पत्र्यांत गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या लहान वाटींत ठेवून भट्टींत घालतात. शिसें जळतां जळतां तांब्याला बरोबर घेऊन वाटींत जिरून जातें; सोनें आणि चांदी यांचा मणी वर उरतो. तो ठोकून, लाटून नत्राम्लांत उकळला कीं चांदी निघून जाते आणि मागें तपकिरी, भुसभुशीत असें कांहीं राहतें. तें तापवितांच सोन्यासारखें पिवळें होतें, आणि पुन्हां तोलावयाचें. या परीक्षेंत हजारांत एका भागाचीही चूक फार मानतात. टांकसाळींना हीच लागते. मुंबईच्या टांकसाळींत १९१८ सालीं विलायतेचे सॉव्हरिन पाडले गेले, सुमारें तेरा लाख. त्यांवर हिंदुस्थानचा म्हणून इंग्रजी आय हें बारीक अक्षर आहे. ते अर्थातच २२ कॅरट होते. आपल्या बायका २२ कॅरट सोन्याला गिनी सोनें म्हणत, तें अशाच विलायती नाण्यांवरून.

आतां १९६३ सालाकडे येतों.

चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलनाची ओढ लागली. चोरट्या सोन्याचा ओघ थांबेना. तेव्हां अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनीं जानेवारी १९६३ मध्यें सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले, आणि १४ कॅरटाहून अधिक शुद्धतेचा दागिना घडविण्यास बंदी झाली. म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजांत सोनें ५६ आणि हीण ४० गुंजा. कौटिल्यापासून तोंवर राजाचा अधिकारी सोनाराच्या दारीं येई तो हीण पकडावयास. आतां तो येऊं लागला शुद्धता पकडावयास. कसोटीचा दगड तोच, पण गुन्हा उलट झाला. हेतु वाईट होता असें मी म्हणणार नाहीं. सोन्याची हांव कमी व्हावी असें कोणाही विचारी माणसास वाटेल. पण ज्यानें हा आंकडा ठरविला त्यानें सोनाराच्या शेगडीपुढें एक दिवसही काढलेला नसावा. १४ कॅरटाचें सोनें कठिण, ताठर. दोन ठोके घातले कीं पुन्हां तापवावें लागतें, नाहीं तर त्याला चीर जाते. त्याची झाळ निराळी, त्याला लागणारी आंच निराळी. ज्याचा हात पिढ्यान् पिढ्या मऊ सोन्यावर बसला, त्याचें कसब एका रात्रींत निरुपयोगी झालें, आणि गिऱ्हाइकाला तर असला दागिना नकोच होता. देशभर हजारों सोनार बेकार झाले. कांहींनीं जीव दिल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत नियम थोडे सैल झाले आणि १९६६ सालीं १४ कॅरटाची अट गेली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला.

आमच्या आळींत एक सोनार राहत. त्यांना आम्ही काका म्हणत असूं. १९६३ सालीं मी चार वर्षांचा होतों; त्यामुळें मला स्वतःला आठवतें तें एवढेंच कीं, काकांच्या ओसरीवरची फुंकणी आणि ऐरण एके दिवशीं दिसेनाशी झाली आणि ते एका जिनिंगमध्यें कपाशीच्या गांठी मोजण्याच्या कामावर जाऊं लागले. पुढें अट उठल्यावर ते ओसरीवर परत बसले, पण मोठीं कामें त्यांच्याकडे परत आलीं नाहींत. माझ्या आईच्या लग्नांतली बोरमाळ त्यांनीं घडविलेली होती, १९५५ सालीं, २२ कॅरटाच्या बोलीवर.

१९८४ मध्यें बहिणीच्या लग्नासाठीं ती बोरमाळ मोडावी लागली. शहरांतल्या एका मोठ्या पेढीवर ती आमच्या डोळ्यांदेखत मुशींत घातली. लाख जळून गेली, तिचें वजन आम्हीं धरलेंच नव्हतें. पण लगडीचा कस निघाला तो साडेवीस कॅरटाच्या किंचित् वर. पेढीवरचा माणूस हंसून म्हणाला, "गांवच्या सोनाराचें काम दिसतें." आई कांहीं बोलली नाहीं. घरीं आल्यावर मात्र तिनें काकांच्या घरीं जाणें सोडलें. हळदीकुंकवालाही ती त्या घरीं गेली नाहीं, आणि काकांनींही कारण विचारलें नाहीं. आणि मी, अंकगणिताचा शिक्षक, आईच्या बाजूनें होतों.

हा हिशेब मला कळावयास पुष्कळ वर्षें लागलीं. बोरमाळेचा प्रत्येक मणी दोन वाट्यांचा असतो. त्या झाळून जोडाव्या लागतात, वर कड्या झाळाव्या लागतात. झाळ ही अंगच्या सोन्याहून कमी आंचेवर वितळली पाहिजे, नाहीं तर जोडतां जोडतां मणीच वितळून जाईल. आणि ती तशी वितळावी म्हणून तिच्यांत हीण जास्त घालावेंच लागतें. आतां समजा, दागिन्याच्या वजनाचा सहावा हिस्सा झाळ आहे आणि ती १४ कॅरटाची आहे. पांच हिस्से २२ चे, एक हिस्सा १४ चा: बेरीज १२४, भागिले ६, म्हणजे २०⅔. पेढीवरचा आंकडा जवळजवळ हाच होता. अंग खरोखर २२ कॅरटाचें होतें. काकांनीं बोली पाळली होती. बोली करतांना झाळेचा उल्लेख दोन्ही बाजूंनीं कोणीं केला नव्हता, इतकेंच. पुढें १९८० नंतर या अडचणीवर तोड म्हणून कॅडमियमची झाळ आली. तिच्यांत सोनें ९२ टक्के राखतां येई, पण कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांत जाऊन बसे. केडीएम म्हणून अभिमानानें विकलें गेलेलें सोनें तें हेंच.

भारतीय मानक ब्यूरोनें २००० सालीं सोन्यावर हॉलमार्क मारण्यास आरंभ केला आणि जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र खूण असल्यावांचून तो विकतां येत नाहीं. मान्य केलेल्या शुद्धतांत १४ कॅरटही आहे. आतां त्यावर कोणी रागावत नाहीं. प्राथमिक परीक्षेस क्षकिरणांचें यंत्र असतें. दागिना न मोडतां, न घांसतां, मिनिटाच्या आंत तें प्रत्येक धातूचें प्रमाण सांगतें. मात्र त्याची दृष्टि पृष्ठभागाच्या अगदीं थोड्या खोलीपर्यंतच पोंचते. वरून सोनें आणि आंत भलतें असलें तर तें फसतें, आणि मग निर्णयाला पुन्हां शिशाची आणि हाडांच्या राखेची जुनी भट्टीच लागते.

बोरमाळ मोडली तेव्हां आईनें दोन मणी काढून ठेवले होते. गेल्या वर्षीं ते मी तालुक्याच्या परीक्षणकेंद्रांत घेऊन गेलों. तेथल्या मुलाला मीं विनंती केली कीं, एकदां मण्याच्या पोटावर आणि एकदां सांध्यावर, असें दोन ठिकाणीं पाहावें. पोटावर आंकडा आला २२ च्या आगेंमागें. सांध्यावर १६ च्या आंत. त्यानें तो कागद मला छापून दिला. काका १९९१ सालीं वारले, आणि आई २००९ मध्यें. काकांचा मुलगा पुण्यास असतो. त्या कागदाची एक प्रत आणि दोहोंपैकीं एक मणी मीं त्याला पाठविला.